नाण्यांच्या बाजारात जाताना

गोंदियाच्या संग्राहकाला मोठं नाणे प्रदर्शन पाहायचं तर घर सोडावं लागतं. नागपूर जवळ आहे, तिथे अधूनमधून प्रदर्शन भरतं. पण देशभरचे डीलर, जाणकार आणि लिलाववाले एकाच छताखाली भेटायचे असतील तर पुणे किंवा मुंबई गाठायला हवी. आमच्या सोयीची गोष्ट एवढीच की महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. सकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी पुणं. तिथल्या इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स या संस्थेचं ‘कॉइनेक्स’ मी कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये पाहिलं, आणि तेव्हापासून त्या दिवसाची वाट पाहत आलो.

माझा संग्रह राजेमहाराजांच्या मोहरांचा नाही. आमच्या मुलखातल्या माणसांच्या हातातून जे फिरलं ते मी जमवतो. आठवडी बाजारात धान मोजून देणाऱ्याच्या कनवटीला, बिड्या वळणाऱ्या बाईच्या लुगड्याच्या गाठीत, तेंदूपत्त्याच्या फडावरच्या मजुराच्या मुठीत असलेली नाणी. या एका निवडीने मला प्रदर्शनात कसं चालायचं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते शिकवलं. जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

१. यादी घरी करा, दालनात नाही

प्रदर्शनाच्या दारातून आत गेलं की शंभर टेबलं एकाच वेळी हाक मारतात. एकीकडे कुषाणांचं सोनं, दुसरीकडे शिवराई, तिसरीकडे परदेशी नोटा. अशा वेळी ‘मला काय हवं आहे’ हे ठरवायला बसलं तर जे चकाकतं तेच हवंसं वाटतं. म्हणून मी यादी घरी करतो. आपल्याकडे कोणती सालं आहेत, कोणत्या टांकसाळीची नाहीत, कोणत्या नाण्याची प्रत सुधारायची आहे, हे एका वहीत. शेजारी प्रत्येकासाठी जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा. पैसे दोन पाकिटांत: एक यादीसाठी, दुसरं अगदी छोटं, अचानक समोर येणाऱ्या नाण्यासाठी. दुसरं पाकीट नसेल तर दिवस रुक्ष होतो. पण ते पहिल्या पाकिटातलं खाऊ लागलं तर यादीला अर्थ उरत नाही.

२. पहिली फेरी फक्त डोळ्यांनी

मी पहिली फेरी काहीही न घेता पूर्ण करतो. एकच नाणं चार टेबलांवर चार भावांना असतं, आणि त्या भावांमागे बहुतेक वेळा कारण असतं. एकाच्या नाण्यावर व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या बटा स्वच्छ दिसतात, दुसऱ्याच्या नाण्यावर त्या झिजून सपाट झालेल्या असतात. तिसरं कधीतरी कुणीतरी घासलेलं असतं. ही तुलना नजरेत बसली की भाव आपोआप कळू लागतो.

या फेरीत संग्राहकांनी मांडलेल्या चौकटी नक्की पाहाव्यात. तिथे विक्री नसते, म्हणून गर्दीही कमी असते. पण एखाद्याने आयुष्यभर एकच विषय धरून जमवलेली नाणी ओळीने लावलेली असतात. उत्तम प्रतीचं नाणं कसं दिसतं हे एकदा तिथे पाहून ठेवलं की टेबलावरचं मध्यम नाणं ‘एकदम झकास’ म्हणून कुणी आपल्या गळ्यात मारू शकत नाही.

३. आधी वजन, काठ आणि चुंबक. गोष्ट नंतर ऐका

माझ्या पिशवीत तीन वस्तू कायम असतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशात मावणारा डिजिटल काटा आणि छोटं चुंबक. डीलर नाण्याची कहाणी सांगायला लागला की मी आदराने ऐकतो, पण हात काट्याकडे जातो.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच वजन आणि हीच चांदी व्हिक्टोरिया, सातवे एडवर्ड, पंचम जॉर्ज यांच्या काळातही टिकली. झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण फार हलका किंवा अकारण जड भरला तर तो खाली ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली आणि १९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली. वजन मात्र तेच ठेवलं. म्हणजे इथे काटा काही सांगणार नाही. इथे काठ बोलतो: युद्धकाळातल्या या रुपयांना नकली नाण्यांपासून वाचवायला काठावर वेगळी सुरक्षा-नक्षी दिली होती. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

भिंगाचं काम बारीक खुणांचं. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून तो सुधारला गेला. भिंगातून ते दोन हत्ती शेजारी शेजारी पाहिले की सरकार, श्रद्धा आणि ठशाचा कारागीर यांचा सगळा प्रसंग नखाएवढ्या जागेत दिसतो. हेच भिंग साल खोदून बदललेलं नाणं पकडतं, कारण बदललेल्या आकड्याभोवतीची धातूची पातळी बिघडलेली असते. १९३९ च्या चांदीच्या रुपयासारखं दुर्मीळ साल स्वस्तात समोर आलं तर आकड्याभोवतीची जागा दोनदा पाहावी.

४. जुनं ते महाग, हा हिशेब सोडा

पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त धक्का याचाच बसतो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं मिश्र धातूचं नाणं एखाद्या टेबलावर साध्या जेवणाच्या पैशांत मिळतं आणि १९३९ च्या रुपयाला मात्र मोठी रक्कम मोजावी लागते. भाव वयाने ठरत नाही. किती नाणी उरली, किती चांगली उरली आणि किती जणांना ती हवी आहेत, यावर ठरतो.

जुन्या काळी माणसं धन जमिनीत पुरत, म्हणून प्राचीन नाणी ढिगांनी सापडतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. युद्धात हरवलेल्या शत्रूच्या नाण्यावर आपली खूण: इतिहासाच्या पुस्तकातलं एक वाक्य तिथे धातूत दिसतं. आपल्या विदर्भात मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावं त्या नाण्यांवरून पुढे आली. गाडी अकोला सोडते तेव्हा मला दर वेळी तऱ्हाळा आठवतं. अशा साठ्यांमुळेच साध्या माणसालाही सातवाहनकाळ तळहातावर घेता येतो. तो जरूर घ्यावा, पण ‘जुनं आहे म्हणजे लाखांचं’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जावं.

५. घासलेलं नाणं घेऊ नका, घरचं घासू नका

तांब्याच्या नाण्यावर काळाने चढवलेला तपकिरी, काळा किंवा हिरवट थर हा त्याचा दाखला असतो. चांदीवर येणारी निळसर-करडी झाक तशीच. आपल्याकडे मात्र पाहुण्याला दाखवायचं म्हणून आजोबांचं नाणं चिंचेने, लिंबाने, भांड्यांच्या पावडरीने लख्ख करण्याची हौस आहे. त्या एका घासण्यात वरचा थर जातो, बारीक ओरखडे पडतात आणि नाण्याची किंमत खाली येते. ती कुठल्याही उपायाने परत येत नाही. टेबलावर नाणं तिरपं धरून दिव्याखाली फिरवावं. अस्सल पृष्ठभागावर उजेड फिरतो. घासलेल्यावर तो एकसारखा, निर्जीव चमकतो आणि भिंगातून एकाच दिशेच्या रेघा दिसतात.

६. स्वस्त पेटीपाशी बैठक मारा

प्रत्येक प्रदर्शनात एका कोपऱ्यात ‘कोणतंही घ्या’ अशी पाटी लावलेल्या पेट्या असतात. मोठे संग्राहक तिथून झपझप पुढे जातात. माझा दिवसाचा सगळ्यात मोठा वेळ तिथेच जातो, कारण माझ्या मुलखाचा इतिहास त्या पेटीत पडलेला असतो.

मी आधी भोकाचा पैसा शोधतो. १९४३ ते १९४७ या काळातलं हे नाणं युद्धातल्या धातूटंचाईचं आहे. मधलं भोक पाडून आणि जाडी कमी करून जुन्या पाव आण्याच्या निम्म्याहून कमी धातूत ते भागवलं. गावी आमच्या मोठ्या आईच्या हातावर ठेवला तेव्हा ती म्हणाली, “याले आमी भोकाचा पैसा म्हनत होतो जी. दोऱ्यात ओवून ठेवत होतो.” कॅटलॉगात नाण्याचा व्यास असतो, वजन असतं. तो दोरा नसतो.

मग १९५० ची पहिली स्वतंत्र भारताची मालिका: पैशावर धावता घोडा, आण्यावर बैल, रुपयावर गव्हाच्या ओंब्या. त्यानंतर १ एप्रिल १९५७ पासूनचे ‘नये पैसे’. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा हिशेब पाठ असलेल्या लोकांना एका दिवसात शंभराचा रुपया शिकावा लागला. चार आणे म्हणजे पंचवीस आणि आठ आणे म्हणजे पन्नास हे सरळ बसलं, पण एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे हे बाजारात कसं द्यायचं? बिड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते; अशा घरांत तो पाव पैशाचा फरक किती वेळा बोलला गेला असेल, याची कल्पना मला प्रत्येक नया पैसा उचलताना येते. १९६४ मध्ये ‘नये’ गेलं आणि ॲल्युमिनियमचे हलके षट्कोनी तीन पैसे आले. १९६८ पासून कमळाचे पिवळे वीस पैसे. ३० जून २०११ ला पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी चलनातून गेली.

या पेटीत साल आणि टांकसाळीची खूण पाहत बसावं. सालाखाली हिऱ्याची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा आणि कोणतीच खूण नसेल तर ते कोलकात्याचं. एकाच सालातल्या चार टांकसाळी पूर्ण करण्यात जो आनंद आहे तो सोन्याच्या मोहरेत आहे की नाही हे मला माहीत नाही, पण तो शाळकरी मुलालाही परवडतो.

७. कडी लावलेल्या रुपयाकडे पाठ फिरवू नका

आमच्या भागात आणि पलीकडे छत्तीसगढ, बालाघाटकडे बायका चांदीच्या रुपयांची माळ घालत. सोनार रुपयाला कडी जोडायचा, डाख द्यायचा. संग्राहकांच्या भाषेत असा रुपया ‘खराब’, त्याला चांदीच्या भावापलीकडे काही मिळत नाही. मी तो मुद्दाम घेतो. बंदा रुपया बँकेत ठेवता येत नव्हता अशा घरांत तो गळ्यात राहिला, दुष्काळात एकेक करून सुटला, लेकीच्या लग्नात पुन्हा ओवला गेला. व्हिक्टोरियाच्या रुपयावरची झीज बहुतेक वेळा मागच्या बाजूला, छातीशी घासणाऱ्या अंगाला जास्त असते. ती झीज पैशाच्या व्यवहारातली नाही, अंगावर वागवल्याची आहे. प्रत सुधारण्याच्या नादात असे पुरावे वितळवले जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

८. आपल्या मुलखाचं नाणं नाव घेऊन मागा

‘विदर्भाचं काही आहे का?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं. ‘नागपूरकर भोसल्यांचं कटकचं नाणं आहे का?’ असं विचारलं की डीलर टेबलाखालचा डबा वर घेतो. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशा भोसल्यांकडे होता आणि कटकच्या टांकसाळीत मुघल बादशहा अहमदशहाच्या नावाने, त्रिशूळाच्या खुणेसह रुपये पडत होते. नागपूर आणि कटक यांच्या मधल्या वाटेवर आपला वैनगंगेपलीकडचा मुलूख येतो. प्रशांत कुलकर्णी यांनी नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. असा एक ग्रंथ वाचून गेलं की डबाभर फारसी अक्षरांतून आपलं नाणं ओळखता येतं. पूर्वेला छत्तीसगढात शरभपुरीय राजांची पातळ सोन्याची, एका बाजूने ठोकून उठाव आणलेली नाणी सापडतात. ती विकत घेणं आपल्या आवाक्यात नसेल, पण चौकटीत दिसली तर पाच मिनिटं थांबून पाहावं.

९. घासाघीस करा, पण नातं सांभाळा

भाव करायला डीलरची हरकत नसते. नाण्याला नावं ठेवून भाव पाडलेला मात्र त्याला आवडत नाही. ‘भाऊ, माझ्याकडे एवढेच आहेत, बसत असेल तर द्या’ हे वाक्य मला नेहमी उपयोगी पडलं. एकाच टेबलावरून चार-पाच नाणी एकत्र घेतली तर भाव नीट बसतो. दुपारच्या गर्दीत बोलू नये. संध्याकाळी टेबलं आवरायच्या आधीचा तास बोलण्याचा. महागाच्या नाण्यासाठी पावती घ्यावी, आणि ते नकली निघालं तर परत घेणार का हे तोंडावर विचारावं. चांगला डीलर या प्रश्नाने रागावत नाही. पुढच्या वर्षी तो आपणहून सांगतो, ‘तुमच्यासाठी एक बाजूला ठेवलंय.’

१०. चमत्काराच्या नाण्यापासून गावाला वाचवा

मी नाणी जमवतो हे कळल्यापासून लोक माझ्याकडे नाणी घेऊन येतात. राम दरबार, हनुमान किंवा गणपती असलेलं आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं नाणं सगळ्यात जास्त येतं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ते देवस्थानाच्या किंवा जत्रेच्या धाटणीचे आधुनिक बिल्ले आहेत. त्याहून घातक आहे ती तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची, ‘राइस पुलर’ची फसवणूक. विजेने भारलेलं, तांदळाचे दाणे खेचणारं तांब्याचं नाणं परदेशी संशोधक कोट्यवधींना घेतात, असं सांगून तपासणीच्या नावाखाली लोकांकडून पैसे उकळले जातात. आपल्या धानाच्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगितली गेली की ती खरी वाटायला वेळ लागत नाही. तिसरी फसवणूक मोबाइलवर येते: वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं विका आणि लाखो मिळवा, आधी फक्त नोंदणी शुल्क भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती कोणतंही शुल्क घेत नाही आणि तिने तसा अधिकारही कुणाला दिलेला नाही. प्रदर्शनातून परतलेल्या माणसाने हे चौकात, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत सांगायलाच हवं. ज्याने खरं नाणं हातात घेतलं आहे त्याच्या शब्दाला वजन असतं.

११. नांगराला लागलेलं नाणं बाजारात जात नाही

शेतात, तळ्याच्या खोदकामात, जुन्या घराच्या पायात मडकं सापडलं तर कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शोधणाऱ्याच्या हक्काचीही त्यात तरतूद आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू खासगी रीतीने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. म्हणून प्रदर्शनात ‘नुकतंच सापडलंय, माती अजून आहे’ असं कुणी म्हणालं की मी हात मागे घेतो. वाटून विकलेल्या साठ्यातलं नाणं धातू म्हणून उरतं. ते कुठे, कशाबरोबर, किती संख्येने सापडलं ही माहिती गेली की इतिहास गेला. तऱ्हाळ्याचं मडकं वाटून गेलं असतं तर सातवाहनांचे ते राजे आपल्याला भेटले नसते.

१२. रात्रीच चिठ्ठी लिहा

खोलीवर परतल्यावर, जेवायच्याही आधी, मी प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवतो: कुठे घेतलं, कुणाकडून, किती रुपयांना, वजन किती, खूण कोणती. गावी आल्यावर त्यात एक ओळ वाढते: कुणाला दाखवलं आणि ते काय म्हणाले. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि हवा दमट, म्हणून साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नये. त्यातला पीव्हीसी धातूवर हिरवा चिकट थर आणतो. आम्लमुक्त होल्डर आणि डब्यात सिलिका जेलची पुडी पुरेशी होते.

शेवटची विनंती नवीन संग्राहकांना. पुण्याला जाण्याआधी एकदा नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला पाहून या. तो १८६३ पासून उभा आहे. पुढची पायरी म्हणून नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. आणि या दोन्हींच्या आधी आपल्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा, भोकाचा पैसा हातावर ठेवा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. नाणी पुढच्या वर्षीही प्रदर्शनात मिळतील. ती वापरलेली माणसं दर वर्षी कमी होत आहेत, आणि त्यांची आठवण कुठल्याही टेबलावर विकत मिळत नाही.